न शिजणारं विष

सप्टेंबर १९९७ मध्ये केरळातल्या विळिंजमच्या किनारपट्टीवरची माणसं एकामागून एक रुग्णालयात येऊ लागली. सगळ्यांच्या जेवणात खडकांवरून काढलेले तपकिरी शिंपले होते. पाचशेहून अधिक जणांना दाखल करावं लागलं. सात जण वाचले नाहीत. त्याआधी १९८१ मध्ये तामिळनाडूत वायलूरला असंच घडलं होतं. तिथेही शिंपल्यांचंच जेवण होतं. ८५ जण रुग्णालयात गेले, तिघांचा मृत्यू झाला. १९८३ मध्ये मंगळूरजवळ पुन्हा तेच. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातले संशोधक इंद्राणी आणि इड्या करुणासागर यांनी सहकाऱ्यांसह त्या विषबाधेचा अभ्यास केला आणि १९८४ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात ती नोंदवून ठेवली.

यांतल्या कुठल्याही ठिकाणी भेसळ झाली नव्हती. हे नासक्या अन्नाचं दुखणंही नव्हतं. विष शिंपल्याच्या मांसातच होतं आणि ते समुद्रात निसर्गतः तयार झालेलं होतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. चुलीवर कितीही वेळ रटरटलं तरी ते जात नाही. ते ओळखायचा स्वयंपाकघरात एकही उपाय नाही. म्हणून या विषापासून माणूस वाचवण्याची जबाबदारी शिंपले शिजवणाऱ्या बाईवर टाकता येत नाही. पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेची ती जबाबदारी आहे. मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच.

यवतमाळला याचं काय?

हा लेख मी यवतमाळात बसून लिहितो आहे. अरबी समुद्र असो की बंगालचा उपसागर, दोन्ही इथून पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. आमच्याकडे मासोळी म्हणजे तलावातला रोहू, कटला, मरळ. नाहीतर आंध्रातून बर्फात घालून आलेला माल. नाहीतर आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेलं सुकट आणि बोंबील. तिसऱ्या आणि कालवं इथल्या अनेकांनी पाहिलेलीही नाहीत. तरी हा विषय आम्हाला परका नाही.

उकळून न जाणारं विष म्हणजे काय, हे या जिल्ह्याला चांगलं ठाऊक आहे. पांढरकवडा भागातल्या भूजलात फ्लोराईड आहे. त्यावरचा अभ्यास २००७ मध्ये छापूनही आला. पाण्यात दर लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड नसावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. बोअरचं पाणी नितळ दिसतं, गोड लागतं, आणि वर्षानुवर्षं पिणाऱ्याचे दात डागाळतात, हाडं आखडतात. तेही निसर्गाचंच विष, खडकातून उतरलेलं. पाणी गाळलं, उकळलं, तुरटी फिरवली म्हणून आई निश्चिंत होते. पण इथे तिची काळजी कामाला येत नाही. कुणीतरी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत नेल्याशिवाय तिला ते कळूच शकत नाही.

दुसरी आठवण २०१७ सालची आहे. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. ते विष माणसाने कारखान्यात बनवलेलं होतं, शिंपल्यातलं विष समुद्र बनवतो. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. धोका वाढतो आहे हे सगळ्यांत आधी कुणाला कळतं, आणि ज्याच्या अंगावर तो येणार आहे त्याच्यापर्यंत ती खबर कधी पोचते? यवतमाळात पहिली खबर दिली ती रुग्णालयातल्या खाटांनी. विळिंजमलाही तसंच झालं. खबर मिळण्याची ही सर्वांत महागडी रीत आहे.

विष बनतं कसं

समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पतीप्लवक म्हणतात. समुद्रातली सारी अन्नसाखळी त्यांच्यावर उभी आहे. त्यांच्या हजारो जाती आहेत आणि त्यांतल्या थोड्याच विषारी. अलेक्झांड्रियम, जिम्नोडिनियम कॅटेनॅटम, पायरोडिनियम या जाती त्यांपैकी. ऊन, पाण्याचा संथपणा आणि नायट्रोजन-फॉस्फरससारखी खाद्यं यांचा मेळ जमला की एखादी जात झपाट्याने वाढते. कधी कधी पाण्याचा रंगही बदलतो. यालाच लाल भरती म्हणतात, पण या नावाने फसगत होते. पाणी लाल न होताही शिंपले विषारी होऊ शकतात, आणि रंगलेलं पाणी निर्धोकही असू शकतं. अलीकडच्या वर्षांत कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा पाहायला गर्दी होते. ती चमक नॉक्टिल्युका नावाच्या जीवाची. त्याच्यामुळे माणसाला ही विषबाधा होत नाही. म्हणजे जे दिसतं ते घातक असेलच असं नाही, आणि जे घातक आहे ते दिसेल असंही नाही.

शिंपला जागचा फारसा हलत नाही. पाणी आत ओढायचं, त्यातलं प्लवक गाळून घ्यायचं आणि उरलेलं पाणी बाहेर सोडायचं, हेच त्याचं जगणं. दर तासाला लिटरांनी पाणी त्याच्यातून जातं. विषारी प्लवक असलं तर ते विष त्याच्या मांसात साठत राहतं. त्याला स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही. पाणी स्वच्छ झालं की बहुतेक जातींच्या शिंपल्यांतलं विष काही आठवड्यांत उतरतं. पण उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा एक मोठा शिंपला ते दोन वर्षांपर्यंतही धरून ठेवतो. या विषाला सॅक्सिटॉक्सिन हे नाव मिळालं ते त्याच शिंपल्याच्या शास्त्रीय नावावरून.

आपल्या मज्जातंतूंतून संदेश जातो तो पेशींच्या भिंतीतल्या सोडियमच्या वाटांमधून. सॅक्सिटॉक्सिन नेमक्या त्या वाटा बुजवतं. मग मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. जेवल्यावर साधारण अर्ध्या तासात ओठांना, जिभेला, चेहऱ्याला मुंग्या येतात. मग बोटं बधिर होतात, तोल जातो, बोलणं जड होतं. विष जास्त असेल तर छातीचे स्नायू थांबतात. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, फक्त त्याला श्वास घेता येत नाही. जीव जायला एक ते चार मिलिग्रॅम पुरे, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढं. रासायनिक अस्त्रांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात हे विष पहिल्या, सर्वांत कडक यादीत आहे. त्याच्यावर उतारा नाही. पण शरीर स्वतःच ते लघवीवाटे बाहेर टाकतं. तेवढा वेळ कृत्रिम श्वासावर निभावला आणि चोवीस तास निघाले, की माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. म्हणजे जीव वाचवायला दुर्मीळ औषध लागत नाही. वेळेवर निदान आणि एक व्हेंटिलेटर लागतो.

खडकापासून उंदरापर्यंत

या विषाच्या सर्वांत जुन्या स्पष्ट नोंदींपैकी एक १७९३ सालची आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याचं मापन करणाऱ्या जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतल्या खलाशांनी सकाळच्या न्याहारीला शिंपले भाजून खाल्ले. जॉन कार्टर नावाचा खलाशी काही तासांत मरण पावला. तिथल्या एका उपसागराला आजही त्याचं नाव आहे आणि शेजारच्या खाडीला विषाची खाडी म्हणतात. पण शिंपल्यांत विष येतं कुठून, हे कळायला आणखी दीडशे वर्षं जावी लागली. १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात १०२ जणांना बाधा झाली आणि सहा जण मेले. त्यानंतर हर्मन सॉमर आणि कार्ल मेयर कामाला लागले. १९३७ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की विषाचा उगम प्लवकात आहे. शिंपल्याचा अर्क उंदराला टोचून तो किती वेळात मरतो, यावरून विष मोजण्याची पद्धतही त्यांचीच. ती अनेक दशकं जगभर वापरली गेली. शंभर ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम ही मर्यादा त्या काळापासून चालत आलेली आहे. त्यापेक्षा जास्त विष आढळलं की शिंपले काढणं बंद.

ही मर्यादा का पाळायची, हे ग्वाटेमालातल्या चाम्पेरिको गावाने दाखवलं. १९८७ मध्ये तिथे १८७ जणांना शिंपल्यांतून बाधा झाली आणि २६ जण दगावले. सहा वर्षांखालच्या बाधित मुलांपैकी जवळजवळ निम्मी गेली. मोठ्यांमध्ये हे प्रमाण बरंच कमी होतं. लहान अंगाला विषाची तीच मात्रा कितीतरी जड पडते. शिवाय हे विष पाण्यात विरघळतं. शिंपले उकडले की काही भाग रश्शात उतरतो. आपल्याकडे तिसऱ्या उकडल्यावर सुटलेलं पाणी कुणी टाकत नाही. कालवणाची चव त्या पाण्यातच असते, आणि घरातल्या लहानग्याच्या भातावर आधी तोच रस्सा येतो.

एकच विष नाही

पक्षाघाताच्या विषाची भावंडंही आहेत. १९८७ मध्येच कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक जण आजारी पडले आणि काही वृद्ध दगावले. वाचलेल्यांपैकी काहींची स्मृती कायमची गेली. त्यांना जुनं आठवे, पण नवं काही लक्षात राहत नसे. शास्त्रज्ञांनी काही दिवसांतच डोमोइक आम्ल हे त्याचं कारण शोधलं. ते स्यूडोनिट्झिया नावाच्या सूक्ष्म शैवालातून येतं. तिसरं विष जुलाब, उलट्या, पोटदुखीचं. जपानमध्ये १९७०च्या दशकात ताकेशी यासुमोतो यांनी ते ओळखलं. त्याने जीव सहसा जात नाही, पण डॉक्टर ते साधं अन्नातून झालेलं इन्फेक्शन समजतात आणि नोंदच होत नाही.

चौथं विष शिंपल्यांत नव्हे, माशांत येतं. प्रवाळखडकांवरच्या शैवालात ते बनतं. लहान मासे ते शैवाल खातात, मोठे मासे त्या लहानांना खातात, आणि विष साठत जातं. ते खाल्लं की गरम वस्तू थंड आणि थंड वस्तू गरम लागते. माणूस आठवडेच्या आठवडे हैराण होतो. कॅरिबियन आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर हे जुनं दुखणं आहे. भारतात २०१६ च्या सुमारास मंगळूरला तांबोशीची डोकी खाल्लेल्या अनेकांना हेच झालं. पाचवं विष केंड माशाचं. हा मासा डिवचला की फुगतो आणि त्याच्या यकृतात, अंड्यांत जीवघेणं विष असतं. कोकणातले मच्छीमार तो फेकून देतात. जुन्या शहाणपणाचा इथे उपयोग होतो, कारण केंड बघून ओळखता येतो. विषारी तिसरी मात्र दिसायला चांगल्या तिसरीसारखीच असते. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही इथे थांबतो.

ओहोटीची वेळ

कोकणात आणि गोव्यात शिंपल्यांचा धंदा मोठ्या बोटींचा नाही. तो ओहोटीच्या वेळेचा आहे. पाणी हटलं की बाया खाडीच्या चिखलात, रेतीत, खडकांवर उतरतात. तिसऱ्या, शिवल्या, मुळे, कालवं काढतात. गोव्यात खुबे आणि शिनाणे. पायाने चाचपून, हाताने उकरून, कोयत्याने सोलून टोपली भरतात आणि दुपारी बाजारात वाटे लावून बसतात. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते. या बायांच्या हातांना ती लागू नाही. ज्या दिवसांत बाकी मासा मिळत नाही, त्या दिवसांत खाडीच घराला मासा पुरवते. तिसऱ्यांत प्रथिनं, लोह, ब-१२ जीवनसत्त्व भरपूर आहे. किनाऱ्यावरच्या गरीब घरात एवढं पोषण इतक्या स्वस्तात दुसऱ्या कशातूनही येत नाही.

म्हणून ‘शिंपले खाऊ नका’ हा सल्ला मला अन्यायाचा वाटतो. सावध राहायचं ते सरकारने, आणि पोट मारायचं त्या बाईचं, असा त्याचा अर्थ होतो. दर वाट्यामागे कुठल्या तरी बाईची मजुरी आहे. एक अफवा पसरली की महिनाभर तिसरीला गिऱ्हाईक मिळत नाही. नियमित तपासणी असेल तर अफवेला उत्तर देता येतं. ‘या आठवड्यात ही खाडी तपासली, माल चांगला आहे’ असं अधिकृतपणे सांगता येतं. तपासणीने खाणारा वाचतो, तसा विकणाराही वाचतो.

आपल्या देशाला हे करता येत नाही असंही नाही. परदेशात, विशेषतः युरोपात, शिंपले पाठवायचे असतील तर ते ज्या पाण्यातून काढले त्या पाण्याचं वर्गीकरण आणि विषांची तपासणी लागते. निर्यात तपासणीची यंत्रणा आपल्याकडे आहे. केरळातल्या अष्टमुडी सरोवराच्या शिंपल्यांना २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. असं प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी. देशातल्या अन्नसुरक्षा नियमांतही शिंपल्यांतल्या विषांची मर्यादा दिलेली आहे. पण कागदावरची मर्यादा म्हणजे प्रयोगशाळेतला नमुना नव्हे. खाडीच्या कडेला वाट्याने विकली जाणारी तिसरी सहसा कुठल्याही प्रयोगशाळेतून जात नाही. परदेशी गिऱ्हाइकाच्या ताटाआधी तपासणी होते. मालवणच्या किंवा दाभोळच्या ताटाआधीही ती व्हायला हवी.

ज्ञानाची कमतरता आपल्याकडे नाही. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून याच किनाऱ्याचा अभ्यास करते आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या गाळात या प्लवकांच्या सुप्त पेशी शोधून त्यांचा इतिहास मांडला आहे. या पेशी बीजासारख्या तळाच्या चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतात आणि अनुकूल वेळ आली की उगवतात. म्हणून एखाद्या खाडीतल्या गाळात त्या सापडल्या, तर ती खाडी कायमची पाहणीखाली ठेवायला हवी. जहाजं तोल सांभाळायला पोटात समुद्राचं पाणी भरून एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेतात आणि त्या पाण्याबरोबर या पेशीही प्रवास करतात. या धोक्यावरच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात भारतातर्फे मुंबई हे प्रायोगिक बंदर होतं. जहाजांतल्या अशा पाण्याबद्दलचा करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे. हैदराबादेतली इन्कॉइस ही संस्था उपग्रहांच्या मदतीने शैवालवाढीची माहिती देते. 

पण उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, विष दिसत नाही. पावसाळ्यात ढगांखालचा समुद्र तर त्याला रंगानेही दिसत नाही. आणि पावसाळा सरता सरता खालचं खाद्यांनी भरलेलं थंड पाणी वर येतं, नद्या वरून गाळ आणि खतं आणून टाकतात, आणि प्लवक वाढायला लागतं. विळिंजमची घटना सप्टेंबरची होती, हे विसरू नये. म्हणून उपग्रहाच्या सूचनेला हातात बाटली घेऊन खाडीत उतरणाऱ्या माणसाची जोड लागते. फिलिपिन्समध्ये १९८३ पासून पायरोडिनियमने अनेक बळी घेतले. आता तिथलं मत्स्य खातं शिंपल्यांबद्दल नियमित पत्रकं काढतं आणि कुठला उपसागर बंद, कुठला खुला, हे नावानिशी सांगतं. तो देश काही श्रीमंत नाही. त्याने ठरवलं, म्हणून केलं.

तेच विष गोड्या पाण्यात

आता पुन्हा यवतमाळकडे येऊ. सॅक्सिटॉक्सिन फक्त समुद्रात बनत नाही. तलावांवर उन्हाळ्यात जी हिरवी साय धरते, त्यातल्या काही नील-हरित जिवाणूंच्या जाती हेच विष बनवतात. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या डार्लिंग नदीत असा प्रादुर्भाव झाला. जवळजवळ हजार किलोमीटर नदी हिरवी झाली, जनावरं मेली आणि न्यू साउथ वेल्स राज्याला आणीबाणी जाहीर करावी लागली. तो मुलूख समुद्रापासून दूर, कमी पावसाचा आणि कापूस पिकवणारा आहे. नदीचा प्रवाह मंदावलेला, ऊन कडक आणि शेतांतून वाहून आलेलं फॉस्फरस, असं सगळं जमून आलं होतं.

१९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरातल्या डायलिसिस केंद्रात पुरवलेल्या पाण्यात याच जिवाणूंचं दुसरं विष होतं. ते यकृत पोखरतं. नीट न शुद्ध केलेलं ते पाणी रुग्णांच्या रक्ताशी आलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. मूत्रपिंडाच्या रुग्णांना आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रावर बसावं लागतं. त्यांच्या रक्ताशी येणारं पाणी कुठल्या तलावाचं आहे, हे प्रत्येक डायलिसिस केंद्राने माहीत करून घ्यायला हवं.

यवतमाळ शहर निळोणा आणि चापडोहचं पाणी पितं. जिल्ह्यात बेंबळा, अरुणावती, पूस ही धरणं आहेत, सीमेवर इसापूर आहे. या धरणांच्या पाणलोटात कपाशी आणि सोयाबीन आहे, म्हणजे खत आहे. मार्चनंतर पाणी उतरतं, तापतं, थांबतं. याच पाण्यात मासेमारी सहकारी संस्थांचं बीज वाढतं, याच पाण्यावर जनावरं येतात. घाबरून जाण्याचं काही कारण नाही. पाणी तपासायला हवं, एवढंच. पाणी हिरव्या रंगासारखं घट्ट दिसू लागलं, काठावर फेस धरला, मातकट वास आला, तर तिथे जनावर पाजू नये, मुलांना पोहू देऊ नये, तिथल्या गोगलगायी-शिंपले खाऊ नयेत, माशाची आतडी-यकृत काढून टाकावं आणि तलाठी किंवा पाणीपुरवठा विभागाला कळवावं. ते पाणी उकळून प्यायलं तरी विष जात नाही.

बर्फाचं गणित

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना आणखी एक विष भेटतं आणि ते वाटेतच तयार होतं. बांगडा, तारली, कुपा अशा माशांत हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर लगेच बर्फात गेला नाही, तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, शिजवून, पुन्हा गोठवून जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, छाती धडधडते. लोकांना वाटतं की मासा सोसला नाही, अ‍ॅलर्जी झाली. सोसण्याचा इथे काही संबंध नाही, मासा उन्हात राहिलेला असतो. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेत किलोमागे २०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. किनाऱ्यावरून इथवर येईपर्यंत मासा किती हातांतून आणि किती तापमानांतून गेला, यावर सगळं ठरतं. बर्फ माशाच्या वर दिसतो, पण खाली काय? कल्ले लाल आहेत का, डोळे फुगीर आहेत का, मांस दाबून पुन्हा वर येतं का, हे बघायला कुणी संकोच करू नये. विक्रेत्याने संकोच केला, तर तो मासा घेऊ नये.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडची कुटुंबं आता कोकणात, गोव्यात जातात. तेव्हा मुलांच्या हौसेखातर खडकावरचे शिंपले स्वतः काढून शिजवू नयेत. किनाऱ्यावर मेलेले मासे दिसले किंवा पाण्याचा रंग विचित्र वाटला, तर काही दिवस शिंपले टाळावेत. कोळंबीचं आणि माशाचं मांस या बाबतीत बरंच सुरक्षित असतं. खेकड्याच्या पोटातला भाग मात्र काढून टाकलेला बरा. जेवल्यावर ओठांना मुंग्या आल्या तर वाट पाहत बसू नये, मद्य तर मुळीच घेऊ नये. लगेच व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात जावं, ‘शिंपले खाल्ले आहेत’ असं आधी सांगावं आणि उरलेलं जेवण बरोबर न्यावं. डॉक्टरांनीही अशा प्रत्येक रुग्णाची नोंद करून ती आरोग्य विभागाला द्यावी. पहिल्या रुग्णाची नोंद झाली, तरच पन्नासावा रुग्ण टळतो.

मागणी काय आहे

सरकारकडे मागणी साधी आहे. कोकणातल्या मोठ्या खाड्यांमध्ये ठरलेल्या जागा निवडाव्यात. ऑगस्ट ते डिसेंबर दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून एकदा तिथल्या पाण्याचे आणि शिंपल्यांचे नमुने घ्यावेत. रत्नागिरीच्या महाविद्यालयाला आणि दोनापावल्याच्या संस्थेला त्यासाठी माणसं आणि पैसा द्यावा. निकाल मराठीत, गावच्या मच्छीमार संस्थेच्या फळ्यावर आणि बायांच्या मोबाइलवर जावा. खाडी बंद ठेवावी लागली तर त्या दिवसांची भरपाई तिथे काम करणाऱ्या बायांच्या खात्यात जावी. नाहीतर बंदी पाळायची कुणी आणि का, हा प्रश्न रास्तच ठरेल. किनाऱ्यालगतच्या ग्रामीण रुग्णालयांत एक चालू व्हेंटिलेटर आणि तो चालवणारा माणूस असावा. आणि आमच्याकडे, विदर्भात, पिण्याच्या तलावांचं पाणी उन्हाळ्यात नील-हरित जिवाणूंसाठीही तपासलं जावं. फ्लोराईडसाठी बोअर तपासतो, तसंच.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन दिवाळीनंतर भरतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या आमदारांनी हा विषय तिथे मांडावाच, पण यवतमाळच्या आमदारांनी त्यांच्या बाजूने उभं राहावं, अशी माझी विनंती आहे. खबर उशिरा आली की काय होतं, हे २०१७ मध्ये आम्ही पाहिलं आहे. तो अनुभव आम्ही बोललो नाही, तर दुसरं कोण बोलणार?